कांद्याच्या पोत्यांचं अंथरूण

ऐका. आता इथे कोणी नाही.

मोठ्या जाऊबाईंना सांगून आले, कोंबड्या जुन्या गाडीत अंडी घालतात का ते पाहून येते. काल तुमची तेरवी झाली आणि आज मी अंडी शोधायला निघाले, म्हणून त्या माझ्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. पाहू द्या. चौदा दिवस झाले, मला घडीभर एकटं सोडलेलं नाही कोणी. दिवसा चुलत सासवा, संध्याकाळी गल्लीतल्या बाया. झोपायला गेले की डाव्या अंगाला तुमची बहीण, उजव्या अंगाला तुमची मावशी, पायाशी आणखी कोणीतरी. मी कूस बदलली तरी तिघी उठून बसतात. "पाणी देऊ का वो?" प्रेमानेच करतात बिचाऱ्या, पण माझा जीव मेटाकुटीला आला आहे. मला तुमच्याशी बोलायचं आहे आणि ते चारचौघींत बोलण्यासारखं नाही.

तुमची माय गेली त्या दिवसापासून एक गोष्ट तुमच्या मनाला लागून राहिली होती. तिचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी ते दिलं नाही. आज देणार आहे. ते दिल्याशिवाय मला तुमच्यासाठी धड रडताही येत नाही, असं झालं आहे.

तुम्ही कसे गेलात ते लिहीत नाही. येणारी प्रत्येक बाई विचारते आणि मी सांगते. सांगून सांगून पाढ्यासारखं पाठ झालं. तुम्हाला तर ते ठाऊकच आहे. आणि मी बोलते तशी न लिहिता शाळेतल्यासारखी का लिहिते, म्हणून हसू नका. तुम्हीच म्हणायचात, "सातवी पास बायको केली अन् घरात पुस्तक बोलाले लागलं." तर हे पुस्तकच समजा. वही पोराची आहे, मागची पानं कोरी होती.

आठवतं का, लग्न होऊन मी उंद्रीला आले तेव्हा घरात सतरा माणसं होती. माजघरात आम्ही बाया आणि लेकरं, ओसरीवर तुम्ही पुरुष. मधे एक दार, आणि दाराशी तुमच्या माईचं अंथरूण. मी त्यांना आत्याबाई म्हणायची आणि तुमच्या वडिलांना मामाजी. सगळ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायचं नाही, हा घरचा रिवाज. दोन वर्षं मी तुम्हाला जेवताना पाहिलं, बैल सोडताना पाहिलं, दाढी करताना पाहिलं. आपण नवराबायको होतो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आपल्याला दोघांनाच जरा कमी ठाऊक होतं.

तुम्हाला मला काही सांगायचं असलं की तुम्ही म्हशीला सांगायचात. "अवो म्हैस, उद्या मी चिखलीले जाऊन राह्यलो, सदरा धुतला असला तं बरं होईन." मी चुलीपाशी बसून तव्याला उत्तर द्यायची, "सदरा वाळत घातला आहे म्हणावं." मामाजी एकदा म्हणाले, "हे पोरगं म्हशीसंग फार बोलून राह्यलं, कुठं दाखवाव लागते का?" मी तोंडात पदर कोंबून हसले होते. तुम्ही मात्र म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे होतात, अगदी साळसूद.

मग ती गाडी आली. लष्कराच्या लिलावातली, हिरवा रंग उडालेली, पुढून बेडकासारखी दिसणारी. नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, सडका होत होत्या, आणि तुमच्या डोक्यात आलं की वावरातली वांगी, मिरची, कांदे बैलगाडीने जवळच्या बाजारात कशाला, टरकने थेट दुसरबीडला न्यावे. दुपारी भरून निघायचं, दिवेलागणीला पोचायचं, तिथेच गाडीत मुक्काम, आणि उजाडताच दुकान मांडायचं. पहिले काही बाजार मामाजी तुमच्यासोबत गेले. पण गिऱ्हाइकाने वांगं दाबून पाहिलं की मामाजी त्याच्या अंगावर धावून जायचे. तिसऱ्या बाजाराहून अर्धा माल परत आला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मधल्या सुनेले पाठवा. लिहिता-वाचता येते तिले, अन् तोंड बी गोड हाय."

माझ्या हातातली भाकर तव्याबाहेर पडली. तुम्ही तर इतके गडबडलात की म्हशीला काही सांगायचंही सुचलं नाही.

निघायच्या दिवशी तुम्ही ओसरीवरची एक गादी उचलून गाडीच्या हौद्यात टाकली. चांगली जाड, सरकीसकट भरलेली. जाऊबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "काऊन हो भाऊजी, बाजाराले जाऊन राह्यले का सोयऱ्याच्या घरी?" पोरं हसली, मामाजी खाकरले. तुम्ही गादी उचलून मुकाट्याने परत ठेवली. कान लाल झाले होते तुमचे.

म्हणून पहिल्या मुक्कामाला आपण नुसत्या फळ्यांवर झोपलो. झोपलो कसले! पुढे केबिनला लागून कांद्याची पोती रचलेली, मागे फाळक्यापर्यंत, त्या उघडझाप होणाऱ्या फळीपर्यंत, दोन माणसं आडवी होतील एवढी जागा. त्यातही तुमचं डोकं फाळक्याकडे, कारण चोर तिकडूनच येणार. माझं डोकं पोत्यांकडे, कारण वारा तिकडून लागत नाही. कोणीही मागे सरेना. मग काय, पहिले दोन-तीन बाजार मी तुमच्या तळपायांशी संसार केला. हा वाद कधी मिटलाच नाही हो. थंडी पडली तेव्हा तुम्ही गुपचूप फिरून माझ्याकडे डोकं केलं, पण हरलो असं काही म्हणाला नाहीत. होळी झाली की पुन्हा फाळक्याकडे.

पण त्या पहिल्या मुक्कामात मला कळलं, की तुम्हाला शिट्टी सुरेख वाजवता येते. की तुम्हाला पालीची भीती वाटते, एवढा दांडगा माणूस आणि पालीची! की मेथीची भाजी तुम्हाला मुळीच आवडत नाही आणि मी दोन वर्षं तुमच्या ताटात आवडीने दोन पळ्या वाढत होते. "मंग बोलले काऊन नाही?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "म्हशीले सांगितलं होतं." इतकी हसले मी की शेजारच्या गाडीतला माणूस ओरडला, "ओ पाव्हणं, झोपू द्या की!"

पहाटे माझ्या पाठीवर फळ्यांच्या खिळ्यांची सगळी डोकी उमटली होती. तुम्हाला वाटलं असेल बायको रडेल. मी तर आनंदाने नुसती तरंगत होते.

ती पाठच नडली. घरी न्हाताना आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या ओतला आणि पाहिलं, पाठ काळीनिळी. बातमी मामाजींपर्यंत गेली. "परक्याची पोरगी हाय, असे हाल कायले करता? पुढच्या बाजारी धाकट्याले न्या." मी आत उभी राहून ऐकत होते. एकच मुक्काम मिळाला आणि संपला! तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "धाकटा गेला तं विहिरीवर मोट कोण धरन? सूनच जाईन. पाठीचं पाहून घ्या तुम्ही." वाचलो. मला वाटलं, देव पावला.

त्याच दिवशी तुम्ही गोठ्यात म्हशीपुढे वैरण टाकताना जो सिद्धांत सांगितलात तो मला अजून शब्द न् शब्द आठवतो. "पाह्य वो म्हैस. अंथरूण लय चांगलं असलं तं लोकं म्हणतीन मजा मारून राह्यले, बंद करा. लय वाईट असलं तं म्हणतीन हाल होऊन राह्यले, बंद करा. आपल्याले मंधातलं पायजे." मी शेण भरता भरता टोपलीला म्हटलं, "मंधातलं म्हणजे कसं?" तुम्ही म्हणालात, "पाह्यनाऱ्याले टोचन, अन् झोपनाऱ्याले टोचू नये, असं."

एवढं एक अंथरूण शोधायला आपल्याला पुरा हिवाळा लागला! आठवड्यातला एक मुक्काम हातचा जाऊ नये म्हणून दोन शहाण्यासुरत्या माणसांनी केवढी डोकेफोड केली, कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. खाटेचा विचार झाला. पण खाट आडवी टाकली तर बसेना, उभी टाकली तर फाळका लागेना. घोंगडी एकटी पुरेना, फळीचा गारठा खालून यायचा. आणि मग तुम्हाला कडब्याची कल्पना सुचली.

"कडब्याच्या पेंढ्या सोडून हातरायच्या, वरून पोतं. गादीवानी मऊ. अन् पाह्यनाऱ्याले वाटन, वैरण घेऊन चालले." सगळ्या घरासमोर पेंढ्या गाडीत चढवल्यात. कोणी हूं की चूं केलं नाही. जाऊबाई तर म्हणाल्या, "जास्तीच्या टाका दोन, इकून या." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू लंकाच जिंकली.

मऊ होतं खरं. चिपाडं जरा कुरकुरायची, तेवढंच. पण आपण दोघंही कास्तकाराच्या घरचे, आणि आपल्या एवढं लक्षात येऊ नये? बाजाराचा दिवस. पहाटे आजूबाजूच्या खेड्यांतून शंभरेक बैलगाड्या आल्या, बैल सोडले, आणि बैलांना काय, कडब्याचा वास! मी जागी झाले ती कोणीतरी माझी उशी ओढतंय म्हणून. डोळे उघडले तर फळीवरून आत आलेलं हे एवढं मोठं तोंड, शिंगांना गोंडे बांधलेले, आणि माझ्या डोक्याखालचा कडबा कराकरा चावणं चाललेलं. तुमच्या बाजूला आणखी दोन. तुम्ही झोपेतच त्यातल्या एकाला म्हणालात, "सरक वो जराशी." बाप्पा! मला वाटलं मी हसून हसून मरते आता.

तेवढ्यावर भागलं असतं. पण एक म्हातारा शेतकरी आला, मी अजून त्या कडब्यावर केस विंचरत बसलेली, आणि तो फाळक्याशी उभा राहून विचारतो, "काय हो, कडबा कसा दिला?" तुम्ही म्हणालात, "इकाचा नाही." तो म्हणाला, "मंग बैलाला खाऊ कामून घालताय फुकटात?" शेवटी अंथरूण त्याला विकूनच आपण मोकळे झालो. अर्धं बैलांनी खाल्लं, अर्धं म्हाताऱ्याने नेलं, आणि पुढच्या बाजाराला आपण पुन्हा फळ्यांवर.

मग जे सापडलं ते आधीपासून पायांखालीच होतं. कांद्याची रिकामी पोती. मागच्या बाजाराला माल विकून रिकामी झालेली, गाडीतच पडून असणारी, ज्यांच्याकडे पाहून कोणाच्याही मनात काही यायचं नाही. दोन उभी, दोन आडवी, त्यावर पुन्हा दोन उभी. वर माझी वाकळ, तुमच्या जुन्या धोतरांची आणि माझ्या लुगड्यांची. माथ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत ताडपत्री, एका बाजूने उघडी, तुम्हाला फाळका दिसायला हवा ना! एवढंच. यापेक्षा जास्त काही लागत नाही हो माणसाला. मी मागून पलंग पाहिले, गाद्या पाहिल्या, म्हणून सांगते.

एकच खोड होती. पोत्यांना कांद्याचा वास, आणि त्या वासाने सकाळी डोळे लालबुंद. तुम्हाला काही होत नसे, मला व्हायचं. तुम्ही म्हणालात, "हे तं लय झ्याक झालं! मंधातलं हेच. झोपनारी आरामात, अन् पाह्यनाऱ्याले वाटन बिचारी रडून राह्यली." चार-पाच बाजार छान गेले. पण मग मामाजींनीच एके दिवशी जेवताना म्हटलं, "पोरीचे डोये पाह्यले का? रडते ते तिकडं. बंद करा आता." आणि आत्याबाई म्हणाल्या, "असं एकदम कायले बंद करता. मी सोता जाऊन पाह्यते, काय हाल होते तिचे ते."

माय वो! त्या आठवड्यात तुम्ही म्हशीचं डोकं खाल्लं. आत्याबाईंना पुरा आराम मिळाला तर चोरी पकडली जाईल. पाठ धरली तर सगळंच बंद. म्हणून एक थर कमी करायचा, असं तुम्ही ठरवलंत. मला ते पटेना. साठीची बाई, तिला मुद्दाम टोचवायचं? आपल्यातलं खरं भांडण ते पहिलं, आणि तेही निम्मं म्हशीमार्फत. दुसरबीडला पोचल्यावर तुम्ही दोन पोती काढून केबिनमध्ये लपवली. मग मी हळूच ती आणून परत अंथरली. तुम्ही गाडीखाली जाऊन झोपलात, मी आणि आत्याबाई वर. आत्याबाई अशा घोरल्या की तुम्ही सकाळी म्हणालात, "मले वाटलं इंजिन चालू राह्यलं."

आणि घरी येऊन त्यांनी काय सांगावं? कमरेला हात लावून, कण्हत, ओसरीवर बसून, "हाल हायेत बाप्पा. कमर गेली माही. पण धंदा हाय, जावं लागन. सूनच जाऊ द्या, तिले सवय झाली आता." संपलं. त्यानंतर कोणी शब्द काढला नाही. आठ वर्षं आपण त्या हौद्यात बाजारामागून बाजार मुक्काम केला. तुम्ही जन्मभर सांगत राहिलात, अर्थात मलाच, दुसऱ्या कोणाला सांगणार! "बुढीले कसं फसवलं, आं? अर्ध्या जिल्ह्याले जे जमलं नाही ते आपुन केलं." आणि मांडीवर थाप मारायचात. ती थाप मला इतकी आवडायची की काय सांगू.

आपला थोरला पोटात होता तेव्हाही मी जात होते. सातव्या महिन्यात तुम्ही दोन पोती वाढवलीत आणि प्रत्येक खड्ड्याची माफी मागत गाडी चालवलीत. जानेफळच्या तुमच्या मावशीला ते कळलं तर तिने तुम्हाला गाढव म्हटलं होतं. पण तुम्हाला एक सांगते, त्या आठ वर्षांत मी देवाकडे काही मागितलं नाही. आठवड्याला एकदा ताडपत्रीखाली माझा नवरा माझ्याशी बोलत होता. दिवसभराचं, वावराचं, लहानपणाचं, वेड्यासारखं काहीही. जाऊबाईंना दागिने होते. मला माझा माणूस ठाऊक होता.

पुढे वाटण्या झाल्या, आपण मागे खोली बांधली, पलंग आणला. पहिल्या दिवशी तुम्ही त्या खोलीत उभे राहून म्हणालात, "हे सगळं ठीक हाय, पण फाळका कुठं हाय?" गाडी तोवर थकली होती, चाकं काढून विटांवर ठेवलेली. तुम्हाला पलंगावर झोप यायची नाही. किती वेळा म्हणालात, "चाल वो, गाडीत झोपू." आणि मी दर वेळी म्हणाले, "लोकं काय म्हणतीन? सोताची खोली सोडून कोंबड्यांत झोपले!" गेल्या महिन्यातही म्हणालात. मी नाहीच म्हटलं. ते माझं नाही मला आता फार लागतं हो. फार लागतं. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं असतं, चार दिवसांत विसरले असते. मी मूर्ख.

आता ते सांगते, ज्यासाठी आले.

आत्याबाई गेल्या त्या दिवशी त्यांना पोचवून आल्यावर तुम्ही न्हाणीच्या भिंतीला टेकून बसला होतात. मी पाणी घेऊन आले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणालात, "मायले फसवलं वो आपण. आठ साल तिच्याच घरात राहून तिले फसवलं. पाप लागन का?" नेहमी ज्या गोष्टीवर मांडीवर थाप मारायचात त्याच गोष्टीवर तुमचे डोळे भरले होते. माझ्या ओठांवर आलं होतं. पण दारात माणसं होती, आणि मी शब्द दिलेला होता. मग दिवस गेले, तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. पण मांडीवरची थापही त्या दिवसापासून बंद झाली. ते मला कळत होतं आणि मी गप्प राहिले.

तर ऐका. आत्याबाई दुसरबीडला आल्या होत्या ना, त्या सकाळी तुम्ही किटली घेऊन चहा आणायला गेलात. मी वाकळ घडी करत होते. आत्याबाई पोत्यांवरच मांडी घालून बसल्या होत्या. पोत्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दोन त्यानं काढले होते. तू परत टाकले. हाव ना?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही जाग्या होता?"

"मी काय आंधयी हाय का पोरी? पहिल्या बाजारापासून पाह्यते मी. बाजारातून येनारी बाई थकून येते. तू यायची तं दिवायीच्या आंघोयीहून आल्यावानी. पाठ कायीनियी अन् तोंड हासतं. मले नाही का समजत?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्या रागावल्याच नव्हत्या हो. मोटेचं कारण त्यांनीच काढलं होतं धाकट्याला थांबवायला. मामाजी बाजारात भांडतात म्हणून मला पाठवा, हेही त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं, आठवडाभर विचार करून म्हटलं होतं. त्या दिवशी त्या जे बोलल्या ते मी कोणाला सांगितलेलं नाही. बाजारात गडबड सुरू झाली होती, बैल हंबरत होते, आणि त्या फाळक्याच्या बाहेर पाहत बोलत होत्या.

"तुहा सासरा वाईट नाही वो. पण चाळीस साल झाले लगनाले. सात लेकरं झाले. त्याच्यासंग दोघंच बसून एक डाव चहा नाही पेली म्या. एकटा असला तं काय बोलते तो, हासते का, मले ठाव नाही. आता तं इचारायची बी लाज वाटते. मंग म्हटलं, एका तरी सुनेले हे भेटू दे."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "त्याले सांगू नको बरं. मायले फसवलं असं वाटून राह्यलं त्याले, वाटू दे. चोरून आणलेलं बोर जास्त गोड लागते." एवढ्यात तुम्ही किटली घेऊन येताना दिसलात, शिट्टी वाजवत. आणि आत्याबाईंनी लगेच कमरेला हात लावून कण्हायला सुरुवात केली. "कमर गेली रे बाप्पा माही!" तुम्ही मला डोळा मारलात. मी कशी उभी राहिले ते माझं मला ठाऊक. एकीकडे तुम्ही, एकीकडे त्या, दोघंही एकमेकांना फसवून खूश. मी मधे गरम चहाचा कप धरून.

म्हणून नाही सांगितलं. आधी त्यांच्या शब्दासाठी, आणि मग तुमच्या त्या मांडीवरच्या थापेसाठी. पण न्हाणीपाशी बसला होतात त्या दिवशी सांगायला हवं होतं. पाप वगैरे काही नाही हो. तुम्ही कोणाला फसवलं नाही. ती आठ वर्षं आपल्याला त्या माउलीने दिली, तिला स्वतःला जे एक दिवसही मिळालं नव्हतं ते.

जाऊबाई हाका मारून राहिल्या आहेत, अंडी सापडली का विचारतात. जाते मी आता. तिकडे तुमची माय भेटेलच तुम्हाला. भेटली की आधी पाया पडा, आणि माझ्या वाटचंही एकदा पडा.